बंदुकीचा वायू मागे येतो तेव्हा

अमेरिकेत रायफल घरी जोडणं हा एक छंद आहे. आपल्याकडे इंजिनीअरिंगची मुलं सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडतात, तशी तिथली माणसं गॅरेजमधल्या टेबलावर बंदूक जोडतात. नळी एका कंपनीची, बोल्ट दुसरीचा, दस्ता तिसरीचा, आणि स्प्रिंग सवलतीत मिळाली म्हणून चौथीची. तिथल्या संघराज्याच्या कायद्याच्या लेखी या सगळ्यांतला एकच भाग म्हणजे ‘बंदूक’. चापाची यंत्रणा ज्यात बसते तो खालचा सांगाडा. बाकीचे भाग टपालानं घरपोच येतात. काही राज्यांनी यावर स्वतःची बंधनं घातली आहेत, पण ढोबळ चित्र हेच. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय असलं काही करणं हा सरळ गुन्हा आहे आणि तो तसाच राहावा असं माझं मत आहे. गावठी कट्टा हातात फुटलेला पंजा ज्यानं एकदा शिवायला घेतला, त्याचं मत वेगळं असणार नाही.

मग आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला? एक तर या घरगुती रायफलींचे भाग एकमेकांशी जुळले नाहीत, तर त्याची किंमत बरेचदा नेम धरणाऱ्याचे कान, डोळे आणि रक्त मोजतात. दुसरं म्हणजे, बिघाड लक्षात आल्यावर हे हौशी लोक जो उपाय करतात, तो आमच्या ओपीडीत रोज दिसणाऱ्या उपायांसारखाच असतो. दोन्ही समजण्यासाठी आधी यंत्र थोडं समजून घ्यावं लागेल.

ज्या रायफलीबद्दल आपण बोलतोय ती एआर-१५. यातल्या ‘एआर’चा अर्थ ‘आर्मालाइट रायफल’; युजीन स्टोनर या अभियंत्यानं १९५०च्या दशकात आर्मालाइट कंपनीत तिची रचना केली. तिचंच लष्करी रूप म्हणजे एम-१६. ही रायफल अर्धस्वयंचलित आहे. म्हणजे चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते, पण रिकामी पुंगळी बाहेर फेकणं आणि पुढचं काडतूस नळीत भरणं ही कामं बंदूक स्वतः करते. या कामासाठी लागणारी ताकद येते कुठून? गोळीला पुढे ढकलणाऱ्या वायूतून.

काडतुसातली दारू पेटली की क्षणात प्रचंड दाबाचा वायू तयार होतो. आपल्या आजूबाजूच्या हवेच्या दाबाच्या साडेतीन हजार पटींहून जास्त. गोळी नळीतून सेकंदाला नऊशे मीटरहून अधिक वेगानं बाहेर पडते आणि हा सगळा प्रवास साधारण एक मिलिसेकंदात आटोपतो. नळीच्या बाजूला, काही अंतरावर, एक बारीक छिद्र असतं. गोळी त्या छिद्रापुढून गेली की मागचा थोडासा वायू छिद्रातून एका सडपातळ नळकांडीत शिरतो आणि उलटा, नेमबाजाच्या तोंडाच्या दिशेनं धावतो. तिथं बोल्ट ज्या ठोकळ्यात बसलेला असतो त्याला तो मागे ढकलतो. ठोकळा मागे जाताना बोल्ट फिरून सुटतो, पुंगळी ओढून बाहेर फेकतो. ठोकळ्याच्या मागे दस्त्याच्या पोकळीत एक लांब स्प्रिंग असते, आणि तिच्या तोंडाशी एक वजनदार दट्ट्या. यालाच बफर म्हणतात. स्प्रिंग आणि बफर मिळून ठोकळ्याचा वेग आवरतात, त्याला थांबवतात आणि पुन्हा पुढे ढकलतात. पुढे येताना तो नवं काडतूस घेऊन येतो. लष्करी एम-१६ मिनिटाला सात-आठशे फैरींच्या वेगानं चालते, म्हणजे हे सगळं चक्र सेकंदाच्या दहाव्या भागाहून कमी वेळात पुरं होतं.

यात नाजूक गोष्ट आहे ती वेळेची. पुंगळी पितळेची असते. दाब असताना ती फुगून नळीच्या भिंतीला घट्ट चिकटते, आणि हे चिकटणं आवश्यकच असतं, कारण त्यामुळेच वायू मागून फुटून बाहेर येत नाही. दाब उतरला की ती थोडी आक्रसते आणि सैल होते. बोल्ट सुटायला हवा तो नेमका तेव्हा. वायू कमी आला तर ठोकळा पुरेसा मागे जातच नाही आणि पुंगळी अर्ध्यात अडकते. वायू जास्त आला तर बोल्ट घाईनं सुटतो, पुंगळी अजून भिंतीला चिकटलेली असतानाच तिला ओढू लागतो. मग तिची कड फाटते आणि पुंगळी आतच राहते. बाळंतपणात वार सुटायच्या आधी नाळ ओढली की काय होतं हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे चित्र लगेच कळेल.

वायू किती येणार हे छिद्राच्या आकारावर, ते नळीवर कुठं आहे त्यावर, छिद्रापुढे नळी किती उरली आहे त्यावर आणि काडतुसातल्या दारूवर ठरतं. तो वायू किती आवरला जाणार हे ठोकळ्याचं वजन, बफरचं वजन आणि स्प्रिंगचा जोर यांवर. स्टोनरची मूळ रचना लांब नळीची होती आणि तिच्यात हे सगळं एकमेकांना धरून होतं. पुढे नळी आखूड करण्याची टूम निघाली. छिद्र काडतुसाच्या जवळ आलं, म्हणजे वायू अधिक दाबाचा आणि अधिक तापलेला असतानाच मागे वळू लागला. कारखान्यात बनणाऱ्या बंदुकीत हा हिशेब कुणीतरी बसून केलेला असतो. घरी जोडलेल्या बंदुकीत चार कंपन्यांचे चार चांगले भाग असतात आणि हिशेब कुणाचाच नसतो. शिवाय सुटी नळी विकणाऱ्याला धास्ती असते की गिऱ्हाइकानं स्वस्तातलं कमजोर काडतूस वापरलं तर बंदूक अडकेल आणि बोल नळीला लागेल. म्हणून छिद्र अनेकदा गरजेपेक्षा मोठंच ठेवलेलं असतं. घरगुती रायफलींचा नेहमीचा आजार त्यामुळे वायू कमी पडण्याचा नसतो, वायू जास्त होण्याचा असतो.

एक घटक बदलला आणि बाकीच्यांना विचारलं नाही, तर काय होतं याचा सर्वांत दारुण दाखला व्हिएतनामचा आहे. एम-१६ रायफल आणि तिचं काडतूस तयार झालं ते एका विशिष्ट दारूवर. १९६४मध्ये अमेरिकी सैन्यानं दारू बदलली. लांबट कणांच्या जागी गोल कणांची आली. गोळीचा अपेक्षित वेग दाबाची मर्यादा न ओलांडता गाठणं जुन्या दारूनं जमेना, हे त्याचं कारण. नव्या दारूनं वेगाची अट पुरी केली आणि काडतुसातला कमाल दाबही मर्यादेत ठेवला. कागदावर सगळं ठीक. पण ही दारू जळायची वेगळ्या चालीनं. गोळी त्या बारीक छिद्रापाशी पोचेपर्यंत दाब पूर्वीपेक्षा जास्त उरलेला असे. ठोकळ्याला जोराचा धक्का बसू लागला, फैरींचा वेग ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेला, पुंगळ्या आत अडकू लागल्या. त्यात या दारूत आम्ल मारण्यासाठी कॅल्शियम कार्बोनेट घातलेलं होतं. म्हणजे खडू, हाडांसाठी आम्ही गोळ्या लिहून देतो त्यातलाच क्षार. त्याची पुटं वायूच्या नळकांडीत साचत.

याहून वाईट गोष्ट कारखान्यात घडत होती. नव्या दारूची काडतुसं वापरून तपासलं तर रायफली वेगाच्या चाचणीत नापास होत. तेव्हा जुन्या दारूच्या काडतुसांनी चाचणी घ्यायची परवानगी दिली गेली. रायफल पास व्हायची एका दारूवर आणि जंगलात लढायला जायची दुसऱ्या दारूसह. भरीला ‘या बंदुकीला साफसफाई लागत नाही’ असा समज पसरला होता, आणि अनेक तुकड्यांकडे सफाईचं साहित्यच नव्हतं. काडतूस बसते ती जागा क्रोमचा मुलामा नसल्यानं दमट हवेत गंजायची. आत अडकलेली पुंगळी काढायला नळीच्या तोंडातून सळई घालून ती मागे ठोकावी लागते. समोरून गोळीबार चालू असताना हे काम करायला किती जणांना वेळ मिळाला असेल? उघडून ठेवलेल्या रायफलीशेजारी मेलेले सैनिक सापडल्याची वर्णनं सैनिकांनी घरी लिहिलेल्या पत्रांतून अमेरिकेत पोचली. १९६७मध्ये खासदार रिचर्ड आयकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखालच्या उपसमितीनं चौकशी केली आणि सैन्यातल्या जबाबदार अधिकाऱ्यांची निष्क्रियता जवळजवळ गुन्हेगारी हलगर्जीपणाची असल्याचा ठपका ठेवला. नवा, जास्त वजनाचा बफर, क्रोमचा मुलामा, सफाईचं साहित्य आणि प्रशिक्षण असे उपाय त्या काळात एकामागून एक झाले आणि रायफल सुधारली. दारू मात्र गोल कणांचीच राहिली.

हे वाचताना मला हटकून फेनिटॉइन आठवतं. फिट्सवरचं हे जुनं औषध. १९६८च्या सुमारास ऑस्ट्रेलियात वर्षानुवर्षं हे औषध व्यवस्थित घेणारे रुग्ण अचानक झोकांड्या खाऊ लागले. बुबुळं थरथरत होती, एकाचे दोन दिसत होते. ही सारी लक्षणं औषध जास्त झाल्याची. पण डोस कुणीही वाढवला नव्हता. कॅप्सूल तीच, तिच्यातलं औषध तितकंच. शोध घेतल्यावर कळलं की कॅप्सूलमध्ये औषधासोबत जी निव्वळ भर घालतात ती बदलली होती. आधी कॅल्शियम सल्फेट होतं, आता लॅक्टोज. कॅल्शियम सल्फेट औषधाचा काही भाग अडवून ठेवत होतं आणि डॉक्टरांनी जो डोस ठरवला होता तो ही अडवणूक नकळत हिशेबात धरून. भर बदलताच अडवणूक संपली. ब्रिस्बेनच्या डॉक्टरांनी हे १९७०मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडलं. फेनिटॉइनची आणखी एक खोड म्हणजे ते शरीराबाहेर टाकायची यकृताची क्षमता लवकर भरते, म्हणून शोषण थोडं वाढलं तरी रक्तातली पातळी भसकन चढते. कॅप्सूलवरचा आकडा तोच, रक्तातला आकडा वेगळा. काडतुसातला दाब तोच, छिद्रापाशी वेगळा. दोन्हीकडे ज्यांनी बदल केला त्यांनी आपल्यापुरती तपासणी केली होती, आणि दोन्हीकडे मोजमाप चुकीच्या जागी झालं होतं.

परत गॅरेजकडे येऊ. तिथं युद्ध नाही. रविवारी चांदमारीच्या मैदानावर जाऊन दोनशे गोळ्या झाडणारा एक चाळिशीतला माणूस आहे. त्याच्या बंदुकीत वायू जास्त होतोय. त्याला काय जाणवतं? खांद्याला धक्का जास्त बसतो, पुंगळ्या भलतीकडे उडतात, आणि दर गोळीला गरम, उग्र वासाचा धूर डोळ्यांत जातो. नळीच्या तोंडाशी आवाज दाबणारं नळकांडं, म्हणजे सायलेन्सर, लावलेलं असेल तर धूर आणखी वाढतो, कारण वायूची पुढची वाट अडते आणि तो मागे फिरतो. या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, नायट्रोजनची संयुगं असतात, आणि माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाचं म्हणजे शिसं असतं.

शिसं दोन ठिकाणांहून येतं. काडतूस पेटवणाऱ्या प्राइमरमध्ये बहुधा शिशाचंच संयुग, लेड स्टिफ्नेट असतं. शिवाय साध्या लष्करी धाटणीच्या गोळीला वरून तांब्याचं आवरण असलं तरी बुडाशी शिसं उघडं असतं आणि तापलेला वायू ते खरवडतो. वाफ झालेलं हे शिसं थंड होऊन अतिसूक्ष्म कणांत बदलतं. ते श्वासातून जातं, केसांवर, मिशांवर, बाह्यांवर बसतं, आणि त्याच हातानं सँडविच खाल्लं की पोटात जातं.

टेक्सासमध्ये इमर्जन्सी विभागात काम करणाऱ्या माझ्या एका वर्गमित्रानं सांगितलेली केस. दोन महिने पोटात कळा, बद्धकोष्ठता, चिडचिड, झोप उडालेली. पोटाची दुर्बिणीची तपासणी झाली, सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल. रक्त किंचित कमी, रक्तदाब वाढलेला. शेवटी कुणीतरी विचारलं, ‘सुट्टीच्या दिवशी काय करता?’ बंद छताखालच्या चांदमारीत जायचा तो, दर आठवड्याला, आणि बंदूक घरी स्वयंपाकघराच्या टेबलावर साफ करायचा. रक्तातलं शिसं तपासलं आणि कोडं सुटलं. मित्र म्हणाला, ‘आम्ही धंदा विचारतो, छंद विचारत नाही.’ आपल्याकडे तर धंदाही धड विचारला जात नाही. जुन्या बॅटऱ्या फोडणारा माणूस पोटदुखी घेऊन आला तर केसपेपरवर ‘मजूर’ एवढंच लिहिलेलं असतं.

शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसतं. हाडांत साठवतं. रक्तातलं शिसं महिन्या-दीड महिन्यात निम्म्यावर येतं, पण हाडांतलं दहा-वीस वर्षं मुक्काम करतं आणि थोडं थोडं रक्तात सोडत राहतं. गरोदरपणात हाडं कॅल्शियम सोडतात तेव्हा त्यासोबत शिसंही सुटतं आणि बाळापर्यंत पोचतं. मोठ्या माणसाला शिसं रक्तदाब देतं, मूत्रपिंड झिजवतं. लहान मुलाच्या मेंदूचं जे नुकसान होतं ते भरून येत नाही. मुलांच्या रक्तात शिसं किती चालेल याला सुरक्षित असा आकडाच नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं २०२१पासून डेसीलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम ही लक्ष घालण्याची पातळी धरली आहे, आणि ती ‘इथपर्यंत ठीक’ अशा अर्थानं नव्हे. म्हणून मैदानावरून आलेला बाप बूट घालून घरात फिरतो आणि त्याच फरशीवर बाळ रांगतं, ही गोष्ट मला त्याच्या स्वतःच्या धुरापेक्षा जास्त गंभीर वाटते.

आता कान. आपल्याकडे फटाक्यांना मर्यादा आहे ती चार मीटर अंतरावर १४५ डेसिबलच्या क्षणिक शिखराची. या जातीच्या रायफलीचा आवाज नेमबाजाच्या कानापाशी १६० डेसिबलच्या आसपास असतो. आकड्यात फरक पंधराचा दिसतो, पण डेसिबलची मोजणी गुणाकाराची असते. पंधरा डेसिबल जास्त म्हणजे हवेचा दाब पाचपटीहून जास्त. अशा क्षणिक आवाजाची १४० डेसिबल ही कमाल मर्यादा मानली जाते, आणि आखूड नळी ही आवाजात लांब नळीहून वाईटच.

मोठा आवाज झाला की मधल्या कानातला एक चिमुकला स्नायू आखडतो आणि आवाज थोडा अडवतो. निसर्गानं दिलेला हा बफरच म्हणायचा. पण त्याला जागं व्हायला सेकंदाचे काही शतांश भाग लागतात. गोळी त्याच्या कितीतरी आधी गेलेली असते. धक्का थेट कानाच्या शंखातल्या केसपेशींवर जातो आणि माणसाच्या या पेशी पुन्हा उगवत नाहीत. आधी जाते ती चार हजार हर्ट्झच्या आसपासची ऐकू येण्याची क्षमता. ऑडिओग्रामवर तिथं एक खाच दिसते. खाच पडली तरी माणूस म्हणतो, मला ऐकू येतं की! येतं, पण ‘स’ आणि ‘श’, ‘त’ आणि ‘क’ यांतला फरक हॉटेलच्या गोंगाटात कळत नाही. बायको पुटपुटते असा त्याचा समज होतो. उजव्या हाताच्या रायफलवाल्याचा डावा कान आधी बिघडतो, कारण नेम धरताना डावा कान नळीच्या तोंडाकडे येतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला राहतो. कानात कायमची शिट्टी वाजत राहणं, टिनिटस, ही अमेरिकेच्या माजी सैनिकांना सेवेमुळे आलेल्या अपंगत्वात सर्वाधिक आढळणारी तक्रार आहे. आमच्याकडे या शिट्टीवर खात्रीचं औषध नाही, हेही सांगून टाकतो.

कानातले बोळे आणि वरून हेडफोनसारखे कानझाक हे दोन्ही एकदम वापरले तरी संरक्षणाची बेरीज होत नाही. दुसऱ्यानं फक्त पाचेक डेसिबलची भर पडते, आणि कवटीच्या हाडातून जाणारा आवाज कुणीच अडवत नाही. तरीही १६० डेसिबलला ते पाच महत्त्वाचे आहेत.

अशा तक्रारी आल्या की घरगुती कारागीर बहुतेकदा एकच गोष्ट करतो. जड बफर आणतो. पोलादाच्या वजनांच्या जागी टंगस्टनची वजनं असलेला, साध्यापेक्षा जवळजवळ पावणेदोनपट जड. स्वस्त आहे, दस्ता उघडून पाच मिनिटांत बसतो, आणि फरक लगेच जाणवतो. धक्का मऊ होतो, पुंगळ्या शहाण्यासारख्या पडू लागतात. ठोकळा जड झाल्यानं बोल्ट क्षणभर उशिरा सुटतो, हा फायदाही खरा. पण छिद्रातून मागे येणारा वायू तितकाच आहे. तो कुठंतरी जाणारच. बोल्टवर, खाचांमध्ये आणि नाकातोंडात जातो. पुढे थंडीत किंवा कमजोर काडतुसावर तीच बंदूक अडकते, मग स्प्रिंग बदलतात, मग पुन्हा बफर. एकावर एक तीन दुरुस्त्या, आणि मूळ दोष जागेवर. ज्याला यंत्राची समज आहे तो वायू जिथून येतो तिथंच त्याला आवरतो. ते काम खर्चिक असतं आणि जाणत्या बंदूक-दुरुस्ती कारागिराकडे जावं लागतं, म्हणून टळतं.

आमच्याकडे हाच माणूस छातीत जळजळ होते म्हणून चार वर्षं रोज सकाळी अ‍ॅसिडिटीची गोळी घेतो. गोळीनं बरं वाटतं, हे खोटं नाही. तंबाखू, रात्री अकराचं जेवण आणि गुडघ्यासाठी चालू असलेली वेदनाशामक गोळी मात्र कुणी विचारत नाही. रक्तदाबाची तिसरी गोळी सुरू होते तेव्हाही पापड-लोणच्याची चौकशी व्हायची असते. लक्षणांवरचा उपचार वाईट असतो असं मला म्हणायचं नाही. व्हिएतनाममध्ये दारू बदलणं हातात नव्हतं तेव्हा त्या जड बफरनं इतर उपायांच्या जोडीनं माणसं वाचवलीच असणार. पण पर्याय हाताशी असताना बफर चढवत राहणं वेगळं.

शिशाच्या उपचारात तर हे फारच स्पष्ट दिसतं. शिसं बांधून लघवीवाटे बाहेर काढणारी औषधं आहेत. ती पातळी खूप वाढली, लक्षणं गंभीर झाली तरच द्यायची असतात. त्यांचे स्वतःचे दुष्परिणाम आहेत. ती घेऊन पुढच्या रविवारी त्याच कोंदट चांदमारीत जाणं म्हणजे पुन्हा जड बफरच. बहुतेकांचा खरा उपचार एका ओळीत संपतो. शिसं आत जाणं थांबवा आणि काही महिन्यांनी रक्त पुन्हा तपासा.

आपल्याकडे अर्धस्वयंचलित रायफल घरी नसली तरी नेमबाजी आहे आणि वाढते आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं, तेव्हापासून आपल्या मुलांना रेंजवर घालणाऱ्या पालकांचे प्रश्न मलाही येतात. या खेळातली रायफल पॉइंट टू-टू काडतुसाची असते आणि बोल्ट दर गोळीला हातानं चालवायचा असतो. वायू मागे वळवणारं छिद्र तिला नसतं, त्यामुळे तोंडावर येणारा धूर फारच कमी. दहा मीटरच्या एअर रायफलला तर दारूच नाही. पण छर्रे शिशाचेच असतात, आणि लक्ष्यामागच्या पेटीवर आदळून त्यांचा चुरा होतो. मुलं छर्रे बोटांनी उचलून भरतात. काही जण, मी डोळ्यांनी पाहिलंय, दोन-चार छर्रे ओठांत धरून ठेवतात. हे तेवढं आजच्या आज थांबवा. सराव संपल्यावर डबा उघडण्याआधी साबणानं हात धुवायचे आणि रेंजचे कपडे घरी वेगळे धुवायचे. टू-टू वापरणाऱ्यांनी बंद रेंजमध्ये हवा नेमबाजाच्या पाठीमागून लक्ष्याकडे वाहते आहे का, हे प्रशिक्षकांना विचारायला लाजू नये. नियमित सराव करणाऱ्या मुलाचा वर्षातून एकदा ऑडिओग्राम आणि रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्यावी. दुसरी तपासणी प्रत्येक लॅबमध्ये होत नाही, पण मोठ्या लॅब नमुना पाठवून करून देतात.

आणि रेंज झाडायला केरसुणी वापरू नये. कोरड्या झाडण्यानं खाली बसलेलं शिसं पुन्हा हवेत उडतं आणि ते जातं झाडणाऱ्या मावशींच्या छातीत, ज्यांनी आयुष्यात एकही गोळी झाडलेली नसते. ओल्या फडक्यानं पुसून घ्यावं, फडकं वेगळ्या बादलीत धुवावं, आणि मावशींचं रक्तही मुलांबरोबरच तपासून घ्यावं.